ध्वनिमुद्रणाचे परीक्षण कसे करावे: ऑर्केस्ट्रापासून हेवी मेटलपर्यंत

'वादन अप्रतिम, पण आवाज जरा दबलेला' अशा वाक्यावर संपणारी परीक्षणे ढिगाने सापडतात. वाचकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. दबलेला म्हणजे नेमके काय? सभागृहच तसे होते, मायक्रोफोन लांब होते, मास्टरिंगमध्ये वरच्या पट्टीचा आवाज कापला गेला, की लिहिणाऱ्याचे हेडफोन तसे आहेत? ध्वनिमुद्रिकेत ऐकू येणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते: संगीतकाराने, वादकाने, ध्वनिमुद्रकाने, मिक्स करणाऱ्याने (वेगवेगळे ट्रॅक जुळवणाऱ्याने) किंवा शेवटी मास्टर करणाऱ्याने (तयार मिक्सवर अखेरचा हात फिरवणाऱ्याने). कोणता निर्णय कुणाचा हे आधी ओळखायचे आणि मग तो साधला की फसला ते सांगायचे, एवढेच परीक्षणाचे काम. 'एवढेच' म्हटले तरी त्याला बरीच तयारी लागते.

पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि हेवी मेटल इथे एकत्र घेतले आहे, कारण दोन्हीकडे कानाला लागणाऱ्या सवयी एकमेकींच्या चुका दुरुस्त करतात. बेथोव्हनची पाचवी सिंफनी कागदावर लिहिलेली आहे आणि तिची ध्वनिमुद्रणे अगणित आहेत, त्यामुळे तिथले परीक्षण मुळातच तुलनेचे असते. मेटलच्या अल्बममध्ये रचना, वादन आणि ध्वनी एकदमच जन्माला येतात. शेजारी ठेवायला दुसरी आवृत्ती बहुधा नसते, म्हणून आधी हेतू शोधावा लागतो. अभिजात संगीत ऐकणारे ध्वनीला दुय्यम मानतात आणि मेटल ऐकणारे ध्वनीलाच सर्वस्व मानतात. दोघांचेही निम्मे चुकते.

हातात कोणती आवृत्ती आहे?

पहिला स्वर ऐकण्याआधीचे हे काम आहे. ते टाळले तर पुढचे सगळे वाया जाऊ शकते. ओझी ऑस्बर्नचे 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' हे अल्बम २००२ मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा बॉब डेझलीचा बेस आणि ली कर्स्लेकचे ड्रम्स काढून त्यांच्या जागी दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले भाग बसवले होते. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. २००२ ची सीडी ऐकून १९८० च्या ड्रम्सवादनाबद्दल लिहिणारा माणूस भलत्याच वादकाबद्दल लिहीत असतो. मेगाडेथच्या 'रस्ट इन पीस'ची २००४ ची आवृत्ती ही नुसते रीमास्टर नव्हे. तो पूर्ण रीमिक्स आहे आणि त्यात काही गायनही नव्याने घेतलेले आहे. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सवर पुन्हा केलेले काम, तर रीमिक्स म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकची जुळणीच नव्याने. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

अभिजात संगीतात हाच घोळ संहितेचा असतो. ब्रुकनरच्या आठव्या सिंफनीची १८८७ ची आणि १८९० ची अशी दोन रूपे आहेत. रॉबर्ट हास यांनी १९३९ मध्ये छापलेल्या आवृत्तीत १८९० च्या रूपात आधीच्या रूपातले काही भाग मिसळले आहेत, तर लेओपोल्ड नोवाक यांनी दोन्ही रूपे स्वतंत्रपणे छापली. एखाद्या संचालकाने 'कात्री लावली' असे लिहिण्याआधी तो कोणती आवृत्ती वाजवतो आहे ते पाहा. माहलरच्या सहाव्या सिंफनीत मधल्या दोन भागांचा क्रमच वादाचा आहे. आधी स्केर्झो (चपळ भाग) की आधी आंदान्ते (संथ भाग)? अंतिम भागात हातोड्याचे घाव दोन की तीन? यातली कोणतीही निवड चूक नाही, पण ती कोणती केली आहे हे परीक्षणात आलेच पाहिजे.

टिपणवहीच्या पहिल्या पानावर कंपनी, कॅटलॉग क्रमांक, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण आणि तारखा, निर्माता, ध्वनिमुद्रक, मास्टरिंग कुणाचे आणि मूळ टेपवरून की नंतरच्या नकलेवरून, हे सगळे उतरवून घ्या. एलपी असेल तर लेबलाजवळच्या कोऱ्या कडेवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही लिहा. एकाच मुखपृष्ठाखाली वेगवेगळे कटिंग विकले गेलेले असते. स्ट्रीमिंगवर तर जुनी आवृत्ती गुपचूप काढून नवी ठेवली जाते आणि वर वर्ष मात्र मूळचेच दिसते. प्रसिद्धीआधी पाठवलेल्या कमी बिटरेटच्या फाइलीवरून किंवा लिंकवरून ध्वनीच्या दर्जाबद्दल काही लिहू नये. त्या फाइलीत झांजांची शेपटी आधीच चिरडलेली असते आणि दोष मात्र मिक्सच्या माथी येतो.

जागा, साधने आणि आवाजाची पातळी

महागडी यंत्रणा लागत नाही, ओळखीची लागते. आपल्या स्पीकरवर कोणत्या गोष्टी चांगल्या ऐकू येतात आणि कोणत्या हरवतात हे माहीत असले की पुरे. दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण करा, स्पीकर भिंतीपासून शक्य तितके पुढे ओढा आणि बसण्याची जागा बरोबर दोन भिंतींच्या मध्यावर घेऊ नका, कारण तिथे खर्जाचे काही स्वर जवळजवळ नाहीसे होतात. डबल बास आणि बेस गिटार यांचा सर्वांत खालचा ई सुमारे ४१ हर्ट्झवर असतो. पाच तारांच्या बेसचा खालचा बी सुमारे ३१ हर्ट्झवर. छोटे स्पीकर इतके खाली जातच नाहीत, तिथे ऐकू येतात ते त्या स्वरांचे वरचे अंशस्वर. म्हणून 'बेस कमी आहे' हे वाक्य चांगल्या हेडफोनवर तपासल्याशिवाय लिहू नका. उलट ऑर्केस्ट्राची खोली आणि वादकांच्या जागा हेडफोनवर फसव्या वाटतात, त्या स्पीकरवर ठरवा.

पातळी ही सगळ्यात मोठी फसवणूक. तोच आवाज थोडा मोठा केला की कानाला तो 'चांगला' वाटतो: खर्ज भरलेला, वरचे स्वर उजळ. दोन आवृत्त्यांची तुलना करताना सरासरी पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली नाही, तर मोठी आवृत्ती जिंकणार हे ठरलेले. जुळवताना नेहमी मोठीला खाली आणा. लहानीला वर नेले की शिखरे डिजिटल मर्यादेच्या छतावर आपटून फुटतात. फूबार२००० या संगणकावरील प्लेअरमधली रीप्लेगेनसारखी (पातळी आपोआप समान करणारी) सोय हे काम करते.

कानाचीही मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणांसाठीची रूढ शिफारस ८५ डेसिबलला रोज ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. मेटल मोठ्याने ऐकण्याचे संगीत आहे हे मान्य, पण एकच फेरी मोठ्याने ऐका आणि बाकीच्या ७५ डेसिबलच्या आसपास. सलग दीड तासानंतर कान वरचे स्वर बोथट ऐकू लागतो. त्या अवस्थेत सगळेच अल्बम 'दबलेले' वाटतात.

तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत पेन खाली ठेवा. अल्बम किंवा कृती सलग ऐका, मध्ये थांबवू नका. ही फेरी फक्त एका प्रश्नासाठी: लक्ष कुठे खेचले गेले आणि कुठे भरकटले? संपल्यावर दोन-तीन ओळी लिहा आणि बाजूला ठेवा.

दुसरी फेरी मिनिट-सेकंदांसह टिपणे काढण्याची. टिपण असे असावे: '४:१२ – चेलो ब्रासखाली बुडाले; पुढे ९:४० ला मात्र स्वच्छ.' नुसते 'चेलो कमी' लिहिले की दोन दिवसांनी त्याचा अर्थ लागत नाही. ९:४० ला चेलो स्वच्छ असतील तर मायक्रोफोनची मांडणी निर्दोष आहे. ४:१२ ला ब्रासला आवरायला हवे होते ते संचालकाने. एका टिपणाने दोष योग्य माणसाकडे गेला.

तिसरी फेरी निदान एक रात्र जाऊ देऊन करा. या वेळी पूर्ण ऐकू नका, दुसऱ्या फेरीतल्या शंकास्पद जागाच तपासा. निम्म्या शंका इथेच विरघळतात आणि ज्या उरतात त्या लिहिण्याजोग्या असतात. अगदी दाट मेटल, विशेषतः तंत्रप्रधान डेथ मेटल, तीन फेऱ्यांत उलगडत नाही. तिथे दुसरी फेरी दोनदा करावी लागते.

अभिजात संगीत: कागद समोर ठेवून

आयएमएसएलपी या संकेतस्थळावर हक्कमुक्त स्वरलिपी मोफत मिळते. ऑर्केस्ट्राची पूर्ण स्वरलिपी सरसर वाचता आली नाही तरी चालेल. व्हायोलिनची ओळ धरून चालता आले की संचालक काय पाळतो आणि काय सोडतो ते कळू लागते. मात्र हक्कमुक्त प्रत म्हणजे बहुधा जुनी छपाई. जोनाथन डेल मार यांनी संपादित केलेली बेथोव्हनच्या सिंफनींची बेरेनरायटर आवृत्ती १९९० च्या दशकात आली आणि त्यानंतरची कित्येक ध्वनिमुद्रणे तिच्यावर आधारलेली आहेत. तिथला एखादा स्वर जुन्या कागदाशी जुळला नाही तर वादक चुकला असे समजू नका.

प्रत्येक कृतीत तीन-चार कसोटीच्या जागा आधीच ठरवा आणि सर्व ध्वनिमुद्रणे त्याच जागांवर तपासा. पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात दुसऱ्या विषयाची हाक सुरुवातीला हॉर्न देतात. पुनरागमनात (सुरुवातीचे विषय परत येतात त्या भागात) तीच हाक बेथोव्हनने बासूनला (खर्जातल्या लाकडी फुंकवाद्याला) लिहिली, कारण त्या काळच्या झडपा नसलेल्या हॉर्नला तिथले स्वर सहज मिळत नव्हते. पुढे बऱ्याच संचालकांनी ती परस्पर हॉर्नला दिली. बासून ऐकू आला तर संचालक संहितेला धरून आहे, हॉर्न ऐकू आला तर जुन्या परंपरेला. त्याच भागात काही वेळ आधी ओबोची एकाकी ओळ येते. तिथे संचालक वादकाला श्वास देतो की घाई करतो, यावरून त्याचा पिंड कळतो.

लयीबद्दल लिहिताना कालावधीचे आकडे सरळ शेजारी मांडू नका. आधी पुनरावृत्त्या मोजा. ग्लेन गूल्डने बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे १९५५ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण सुमारे ३८ मिनिटांचे आहे आणि १९८१ चे सुमारे ५१ मिनिटांचे. फरक लयीचा आहेच, पण पहिल्यात पुनरावृत्त्या गाळल्या आहेत आणि दुसऱ्यात काही घेतल्या आहेत. सगळ्या पुनरावृत्त्या घेणारा पियानोवादक ७५ मिनिटांच्याही पुढे जातो आणि तरी गूल्डपेक्षा संथ असेलच असे नाही. लय मोजायची तर एका भागाचे दहा-वीस आवर्तने निवडून ठोक्यांचा हिशेब करा. बेथोव्हनने पाचव्याच्या पहिल्या भागासाठी मिनिटाला १०८ हाफ नोट (अर्ध्या लांबीचे स्वर) असे लिहून ठेवले आहे, तेवढी तुलना पुरेशी असते.

आता ध्वनी. डाव्या-उजव्या बाजूला कोण बसले आहे ते ऐका. दुसरे व्हायोलिन उजवीकडे असतील तर पहिल्या-दुसऱ्यांतले सवाल-जवाब खोलीभर फिरतात. सगळे व्हायोलिन डावीकडे असतील तर तो खेळ हरवतो, पण एकसंधपणा येतो. जुन्या वाद्यांवरच्या ध्वनिमुद्रणात स्वरस्थान खाली असते. बरोक संगीतासाठी ए बहुधा ४१५ हर्ट्झवर, म्हणजे ४४० च्या जवळजवळ अर्धा स्वर खाली. कान आधुनिक पट्टीला सरावलेला असेल तर पहिली पाच मिनिटे सगळे 'उतरलेले' वाटते. तो दोष नाही.

मायक्रोफोन जवळ होते की लांब, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे धनुष्याचा घासण्याचा आवाज आणि वाद्यांच्या कळांची खटखट. ती ऐकू आली तर जवळ. मग अंतिम तार स्वर थांबल्यावर सभागृहाचा घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजा. व्हिएन्नाचे मुझिकफेराइन किंवा ॲम्स्टरडॅमचे कॉन्सर्टखेबाउ यांचा घुमारा भरल्या सभागृहात सुमारे २ सेकंदांचा आहे. वाद्ये अगदी कानाशी आणि घुमारा तीन सेकंद असेल तर तो नंतर मिसळलेला असण्याची शक्यता मोठी. डेका कंपनीची १९५० च्या दशकातली प्रसिद्ध मांडणी संचालकाच्या डोक्यावर, सुमारे तीन मीटर उंचीवर, तीन मायक्रोफोन ठेवण्याची होती: डावा-उजवा एकमेकांपासून सुमारे दोन मीटर, मधला दीड मीटर पुढे. अशा ध्वनिमुद्रणात ऑर्केस्ट्रा एका अखंड चित्रासारखा उभा राहतो. एकेका वाद्याजवळ ठेवलेले अनेक जोड-मायक्रोफोन वापरलेल्या ध्वनिमुद्रणात एकट्याने वाजणारी क्लॅरिनेट अचानक सोफ्याएवढी रुंद होते आणि तिची ओळ संपताच आक्रसते. हे ऐकू आले की बेधडक लिहा.

जोडकामही तपासा. अभिजात संगीताचे स्टुडिओ ध्वनिमुद्रण शेकडो तुकड्यांचे असू शकते, त्यात गैर काही नाही. दोष तेव्हा, जेव्हा जोडाच्या जागी घुमारा तुटतो, खोलीचा मंद हुंकार बदलतो किंवा लय एका क्षणात किंचित सरकते. मुखपृष्ठावर 'लाइव्ह' लिहिलेले असले तरी ते बहुधा दोन-तीन मैफली आणि नंतरच्या दुरुस्ती-सत्राची बेरीज असते. फुर्टवेंगलरच्या १९५२ च्या 'ट्रिस्टान उंड इझोल्डे'त किर्स्टन फ्लागस्टाटच्या भूमिकेतले वरचे सी प्रत्यक्षात एलिझाबेथ श्वार्ट्सकोप्फने गायले होते, आणि तरी ते ध्वनिमुद्रण आजही पहिल्या रांगेत आहे. मेटलवाल्यांनी नाक मुरडू नये: जूडास प्रीस्टच्या १९७९ च्या 'अनलीश्ड इन द ईस्ट' या मैफलीच्या अल्बममधले गायन नंतर स्टुडिओत पुन्हा घेतलेले होते.

मेटल: हेतू ओळखून मग वाद्ये सुटी करा

मेटलच्या ध्वनीला एक माप नाही. टोमास स्कोग्सबर्गच्या स्टॉकहोममधल्या सनलाइट स्टुडिओतून १९९० मध्ये निघालेल्या एंटूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ'मध्ये गिटारचा करवतीसारखा आवाज आहे. बॉस कंपनीच्या एचएम-२ या गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलची बटणे शेवटापर्यंत फिरवून तो मिळवलेला आहे. त्याच काळात फ्लोरिडातल्या मॉरिसाउंडमध्ये निघणारे डेथ मेटल स्वच्छ, कोरडे, प्रत्येक ठोका वेगळा दाखवणारे. डार्कथ्रोनचा १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' तर घरगुती चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला आहे. तिघांना एकाच फूटपट्टीने मोजणे म्हणजे परीक्षण नव्हे. 'आवाज पातळ आणि खरखरीत' हे ब्लॅक मेटलच्या अल्बमबद्दल वर्णन झाले, दोष नव्हे. दोष केव्हा? खरखरीत ध्वनीमुळे जी धुकट, मंत्रासारखी संमोहक पुनरावृत्ती साधायची होती तीच तुटत असेल तेव्हा.

नॉर्वेतल्या बर्गनचे ग्रिगहालेन हे सभागृह बर्गन फिलहार्मोनिकचे घर आहे आणि तिथेच एरिक हुंडविन, म्हणजे पुटेन, यांनी मेहेम या ब्लॅक मेटल बँडचा 'दे मिस्तेरीस दोम साथानास' ध्वनिमुद्रित केला. एकाच इमारतीत दोन्ही जगे नांदली. तिथले ड्रम्स ऐकले की मोठी खोली या संगीताला काय देते ते कळते.

हेतू लक्षात आला की एकेक वाद्य सुटे करून ऐका. गिटारपासून सुरुवात करा. ऱ्हिदम गिटार बहुधा दोनदा किंवा चारदा वाजवून टोकाच्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवलेली असते. हेडफोनचा एक कान काढा, मग दुसरा. दोन्हीकडे जवळजवळ तेच पण किंचित वेगळे वादन ऐकू आले तर ते खरोखर दोनदा वाजवलेले. हुबेहूब तेच असेल तर एकाच वादनाची नक्कल, आणि तिने रुंदी येत नाही, नुसती पोकळी येते. 'गिटार चिखलासारखी' वाटली तर गोंधळ बहुतेक २०० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो, जिथे गिटार, बेस आणि ड्रम्सचा धड तिघेही गर्दी करतात. सात तारांच्या गिटारचा खालचा बी सुमारे ६२ हर्ट्झवर असतो, म्हणजे बेसच्याच मुलखात. इतक्या खाली सूर लावणाऱ्या बँडमध्ये बेस वेगळा ऐकू येणे ही ध्वनिमुद्रकाची खरी परीक्षा. बेस शोधायचा असेल तर गिटार थांबते त्या जागा ऐका. तिथे तो ठणठणीत असेल आणि गिटार आल्यावर नाहीसा होत असेल, तर पातळी नव्हे, जागा कमी पडली आहे.

मेटॅलिकाचा १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हे बेसचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण. जेसन न्यूस्टेड कमी वाजला म्हणून नव्हे, तर मिक्समध्ये त्याला खाली ठेवले म्हणून तो ऐकू येत नाही. या अल्बमवर 'बेसवादन दुबळे' असे लिहिणारा चुकीच्या माणसाला धरतो.

ड्रम्सवर अधिक वेळ द्या, आधुनिक मेटलचा कस तिथे लागतो. हिशेब करून पाहा. मिनिटाला २२० ठोक्यांच्या लयीत डबल बास ड्रम सोळाव्या भागांत वाजत असेल, तर सेकंदाला साधारण १४ ते १५ ठोके पडतात. दोन ठोक्यांत जेमतेम ६८ मिलिसेकंद. ड्रमचा नाद त्याहून लांब टिकला की ठोके एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट उरतो. म्हणूनच वेगवान मेटलमध्ये किक ड्रमला (पायाने वाजवायच्या बास ड्रमला) 'टिक' असा आखूड, टोकदार आवाज देतात आणि त्यासाठी ट्रिगर (ठोका पडताच इशारा देणारे साधन) वापरून मुद्रित नमुना बसवतात. टिक ऐकून 'टाइपरायटर' म्हणून हिणवण्याआधी हा हिशेब आठवा. पण तोच टिक संथ डूम मेटलमध्ये असेल तर त्याला काही सबब नाही.

नमुन्यांनी ठोके बदलले आहेत का? स्नेअरचा एखादा वेगवान भरणा पुन्हा पुन्हा ऐका. माणसाच्या हाताचे सलग दोन ठोके कधीच सारखे नसतात: उजवा-डावा फरक, कडेला बसणारा एखादा ठोका. सगळे ठोके एकाच वजनाचे, एकाच रंगाचे असतील तर ते नमुने आहेत. लयही तपासा. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) बदलताना ड्रमर किंचित पुढे जातो का, ब्रेकडाउनला (लय मंदावून जड होते त्या भागात) मागे रेलतो का? पूर्ण अल्बमभर घड्याळाच्या काट्याला चिकटलेला ताल हा संगणकावर सरळ केलेला असतो. तांत्रिक मेटलमध्ये ते शोभू शकते. जुन्या धाटणीच्या थ्रॅशमध्ये मात्र जीव जातो.

गायनाबद्दल 'नुसते ओरडणे' लिहिणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी. खालचा गुरगुरता आवाज आणि वरची किंकाळी यांत तंत्राचा फरक आहे. ऐकायचे ते असे: व्यंजने कळतात का, वाक्याच्या शेवटी श्वास संपून आवाज विरतो का, आवाजाचा रंग गाण्याच्या गरजेप्रमाणे बदलतो की चाळीस मिनिटे एकच. गीतांचा कागद हातात न घेता पहिल्या फेरीत निम्मे शब्द कळले तर गायक कसलेला समजावा.

आकडे किती मानावेत

ध्वनीची तीव्रता एलयूएफएस या एककात मोजतात. मोजणारी साधने मोफत आहेत. मेटलचे अल्बम −९ ते −६ च्या घरात सहज सापडतात, ऑर्केस्ट्राचे बरेच −२० च्या खाली. म्हणजे दोन्ही शेजारी वाजवले तर १२–१५ डेसिबलचा फरक. स्पॉटिफायसारखी सेवा सगळे साधारण −१४ वर आणून वाजवते, म्हणून मास्टर कितीही चढवला तरी तिथे फायदा नाही. नुकसान मात्र राहतेच, कारण छाटलेली शिखरे आवाज कमी केल्याने परत येत नाहीत.

दुसरा आकडा डीआर मीटरचा. तो अल्बमच्या सर्वांत मोठ्या भागांची सरासरी आणि शिखरे यांतले अंतर दाखवतो. मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'च्या सीडीचा आकडा ३ येतो. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' खेळातली रूपे कमी चिरडलेली होती, हे श्रोत्यांच्या लक्षात आले आणि मोठा गदारोळ झाला. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी सांगितले की मिक्स त्यांच्याकडे आले तेव्हाच छताला टेकलेले होते. इथेही प्रश्न तोच, निर्णय कुणाचा?

पण डीआरच्या आकड्यावर निकाल देऊ नका. विकृत केलेली (डिस्टॉर्शन लावलेली) गिटार मुळातच सपाट पातळीची असते. ६ आकड्याचा मेटल अल्बम उत्तम वाजू शकतो आणि १२ चा निस्तेज असू शकतो. एलपीवरून घेतलेल्या फाइलीचा आकडा, मास्टर तोच असूनही, काही अंकांनी जास्त येतो. त्यावरून 'एलपीत जास्त प्राण आहे' हे सिद्ध होत नाही. आकडा कानाच्या तक्रारीला साक्षीदार म्हणून वापरा: आधी स्नेअर मोठ्या भागांत मऊ पडतो, झांजा धापा टाकल्यासारख्या वर-खाली होतात असे ऐकू यावे, मग मीटर पाहावे.

दोन्ही एकत्र येतात तेव्हा

डीप पर्पलने १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर, मॅल्कम आर्नल्डच्या संचालनाखाली, वादन केले. मेटॅलिकाने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर. अशा ध्वनिमुद्रणात एकच गोष्ट बारकाईने पाहा: ऑर्केस्ट्रा काढून टाकला तर काय उरते? बँड गाणे नेहमीसारखेच वाजवत असेल आणि व्हायोलिन नुसते लांब स्वर धरून बसले असतील, तर ती सजावट आहे. तांत्रिक अडचणही खरी आहे. विकृत गिटार १ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा व्यापते आणि व्हायोलिनचे तेज नेमके तिथेच असते. मिक्स करणाऱ्याला कुणाला तरी मागे ढकलावेच लागते. इंग्वे माल्मस्टीनसारख्यांच्या 'निओक्लासिकल' वादनात हार्मोनिक मायनर हे स्वरसप्तक आणि डिमिनिश्ड अर्पेजिओ (स्वरसंचाचे सुटे सुटे स्वर) ऐकून लगेच व्हायोलिनवादक पागानिनीचे नाव घेऊ नका. स्वरसप्तक घेतले की विषयाचा विस्तारही घेतला, हे पाहा.

नाव झाकून तुलना

२००७ मध्ये उघडकीस आले की पियानोवादक जॉइस हॅटो यांच्या नावावर निघालेल्या कित्येक सीडी प्रत्यक्षात दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या नकला होत्या. एका श्रोत्याने लिस्टच्या एत्यूदची सीडी संगणकात घातली आणि संगणकाने लास्लो सिमोन हे नाव दाखवले, तिथून धागा सुटला. जाणत्या समीक्षकांनी त्या सीडींची तोंड भरून स्तुती केली होती. आजारी, विस्मृतीत गेलेल्या कलाकाराची कहाणी कानाच्या आधी पोहोचली होती.

यावर उपाय स्वस्त आहे. एकाच कृतीची चार ध्वनिमुद्रणे घ्या, कसोटीच्या जागांचे एकेक मिनिटाचे तुकडे करा, पातळी जुळवा, कुणाकडून तरी क्रम बदलून घ्या आणि नाव न पाहता टिपणे लिहा. मास्टरिंगमधला फरक ऐकू येतो असा दावा असेल तर एबीएक्स चाचणी (तिसरा तुकडा पहिल्या दोनपैकी कोणता ते न पाहता ओळखणे) करा. १० पैकी ९ वेळा ओळखता आला तर लिहा. ६ वेळा ओळखला तर तो अंदाज होता.

लिहिताना

क्रम असा ठेवला की वाचक हरवत नाही: हे काय आहे आणि कोणती आवृत्ती, वादनाचा मुख्य विशेष, त्याला आधार देणाऱ्या दोन-तीन जागा (वेळेसह), ध्वनी, तुलना, कुणासाठी. ६०० ते ८०० शब्द एका ध्वनिमुद्रिकेला पुरतात. मेटलच्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला एक परिच्छेद देण्याचा मोह टाळा. बारा गाण्यांतली तीन निवडा आणि तीच का ते सांगा.

विशेषणाऐवजी घटना लिहा. 'ड्रम्स जबरदस्त आहेत' यापेक्षा 'तिसऱ्या गाण्यात २:१० ला ब्लास्ट बीट (ड्रम्सचा अतिवेगवान सलग मारा) थांबतो आणि ड्रमर अर्ध्या लयीत उतरतो, पण रिफ तोच राहतो. त्यामुळे तोच रिफ दुप्पट जड वाटतो' हे वाक्य वाचकाला ऐकायला भाग पाडते. 'भावपूर्ण', 'दमदार', 'अंगावर काटा' यांपैकी काही आले की त्यापुढे 'कशामुळे?' असे स्वतःला विचारा. उत्तर मिळाले तर ते लिहा आणि विशेषण खोडा.

तुलना दोन ध्वनिमुद्रणांशी पुरे, आणि ती वाचकाला मिळण्याजोगी असावीत. गुण द्यायचेच असतील तर वादन आणि ध्वनी यांना वेगळे द्या. १९४० च्या दशकातल्या खरखरत्या ध्वनिमुद्रणात थोर वादन असते आणि झळाळत्या ध्वनीत कंटाळवाणे. एकच सरासरी काढली की दोन्ही ३.५ वर येतात.

पाठवण्याआधी वादकांची नावे, त्यांची वाद्ये आणि वर्षे पुस्तिकेशी ताडून पाहा, कारण बँडमधले सदस्य बदलत असतात आणि संकेतस्थळांवर सध्याची नावे जुन्या अल्बमला चिकटवलेली आढळतात. लिहिलेल्या प्रत्येक वेळेवर जाऊन ती जागा पुन्हा एकदा ऐका. दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीच्या शांततेची लांबी वेगळी असल्याने वेळा दोन-तीन सेकंदांनी सरकतात, म्हणून कोणत्या आवृत्तीच्या वेळा दिल्या आहेत हेही एका ओळीत नोंदवा.